शेवटच्या ओळीतला झ

या पानावरचे अनुभव आमच्या घरी बायको वाचते, आणि मी तिच्या खांद्यावरून वाचून हसतो. मी कंपनीत क्वालिटीला आहे, रांजणगाव एमआयडीसीत. पार्ट गेजमध्ये बसला तर पास, नाही बसला तर रिजेक्ट. मधलं काही नसतं. इतकी वर्षं हेच केल्यावर डोकंही तसंच होतं. भास, संकेत, कुणाचं तरी येऊन जाणं... सगळं रिजेक्टच्या ट्रेमध्ये. पण गेल्या वर्षीची एक गोष्ट कुठल्याच ट्रेमध्ये बसत नाही. आणि ती सांगायची तर मला माझं एक खोटंही सांगावं लागतं. ते टाळत होतो म्हणून इतके महिने लिहिलं नाही.

आमचं गाव निमोणे, पण मी वाढलो शिरूरला. वडील बायंडर होते. बाजारपेठेतल्या एका बोळात दुकान. दुकान कसलं... एक फळी, कटिंगचं मशीन आणि स्टोव्ह. स्टोव्हवर खळ शिजायची. गव्हाचं पीठ, पाणी आणि कीड लागू नये म्हणून चिमूटभर मोरचूद. त्या निळसर खळीचा वास माझ्या शाळेच्या शर्टाला कायम असायचा. पोरं ‘चिकट्या’ म्हणायची. शाळा सुरू व्हायच्या आधी निम्म्या शिरूरची पुस्तकं आमच्या फळीवर यायची, कारण थोरल्याचं पुस्तक धाकट्याला जायचं. एखाद्या पानाचा कोपरा गेलेला असला की वडील मागून कागद लावायचे आणि गेलेली अक्षरं टाकाने स्वतः काढायचे, अगदी छाप्यासारखी. पोरगं वाचताना अडखळायला नको, म्हणायचे. त्यांनी काढलेलं अक्षर कुठलं आणि छापलेलं कुठलं हे ओळखायचा खेळ मी खेळायचो, आणि बहुतेक वेळा हरायचो.

ते गेले, दुकान गेलं. चाळिशी ओलांडली आणि मला ते सगळं फार आठवायला लागलं. पुण्यात जुनी पुस्तकं-कागद दुरुस्त करायचा एक रविवारचा कोर्स होता, तो केला. तिथल्या मॅडमनी वडिलांच्या निम्म्या गोष्टी मोडीत काढल्या. मोरचूद नको, कागद जळतो. सेलोटेप, लॅमिनेशन यांचं तर नावच नको. भोक पडलं असेल तर पातळ जपानी कागदाने भरायचं, पण त्यावर अक्षर काढायचं नाही. त्या म्हणायच्या, जे गेलं ते गेलेलं दिसलं पाहिजे, तुम्ही कोण लिहिणारे? वडिलांसाठी वाईट वाटलं, पण मला पटलं. नियम स्वच्छ होता.

तेव्हापासून सुट्टीच्या दिवशी ओळखीपाळखीच्या लोकांची जुनी पुस्तकं, पोथ्या, कागद नीट करून देतो. मिलिंद माझ्याच लाइनवर आहे, राहू गावचा. त्याने एकदा चहाच्या वेळी विचारलं, भाऊ, आईचं एक पुस्तक वाळवीने धरलंय, बघता का? न्हावरा, पारगावचा पूल करत मोटारसायकलवर आम्ही दोघं त्याच्या घरी गेलो.

त्याच्या आई इंदुबाई, ऐंशीच्या आसपासच्या, ओसरीवर बसल्या होत्या. मी त्यांना मावशी म्हणतो. पुस्तक त्यांनी लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळून ठेवलं होतं. बुद्धवंदनेची जुनी पुस्तिका. तिच्या मागे रेल्वेचे जुने छापील कागद कोरी बाजू वर करून दोऱ्याने शिवलेले. मिलिंदचे वडील दौंडला यार्डात पॉइंट्समन होते. सुट्टीला राहूला आले की ते त्या कोऱ्या बाजूवर पेन्सिलीने एक ओळ लिहायचे आणि पुढच्या सुट्टीपर्यंत बायकोने ती खाली गिरवायची. मावशी शाळेत गेलेल्या नव्हत्या. त्यांचं सगळं शिक्षण त्या पानांवर झालं होतं.

ओळी मी वाचल्या. गाडी वेळेवर आहे. गाडी उशिरा आहे. दौंड ते मनमाड. पाणी भरा. मिलिंद म्हणाला, “आबांनी आईला ‘कमळ’ शिकवायच्या आधी ‘मनमाड’ शिकवलं. अजून पाहुण्यांना विचारती, गाडी येळंवर हाय का म्हणून.”

मावशी हसल्या नाहीत. शेवटचं पान उघडून त्यांनी त्यावर बोट ठेवलं. “बाकीचं गेलं तरी चालंल. ही शेवटची वळ तेवढी जपा. प्रज्ञाच्या लग्नात तिला द्यायचीया.”

प्रज्ञा म्हणजे मिलिंदची मुलगी. त्या ओळीत ‘माझे नाव’ एवढं दिसत होतं, आणि पुढच्या अक्षरांवर वाळवीची माती घट्ट बसलेली. खाली अक्षरं शाबूत असावीत असं कडेवरून वाटत होतं. पुढे ‘इंदुबाई’ असणार. त्यात विचारायचं काय? मी विचारलं नाही.

आता माझी चूक.

वाळवीची माती कोरडीच काढायची असते, मऊ ब्रशने, दाणा दाणा. अगदी ओलावा लावावाच लागला तर आधी एका कडेच्या अक्षरावर ओल्या कापसाचं टोक टेकवून बघायचं, शाई सुटते का. हे मी दुसऱ्यांना शिकवतो. त्या रविवारी दुपारी आम्हाला मांडवगणला साखरपुड्याला जायचं होतं, बायको साडी नेसून दारात उभी. माती हटेना. मनात म्हटलं, शाई कुठंय, ही तर पेन्सिल, पेन्सिलीला पाण्याने काय होतंय? ओला कापूस ठेवला.

ती साधी पेन्सिल नव्हती. पूर्वी रेल्वेत, ऑफिसात एक पेन्सिल मिळायची. कोरडी असताना करडी दिसते आणि पाणी लागलं की जांभळी होऊन फुटते. आमच्या दुकानातही होती, वडील जिभेवर टेकवून लिहायचे, त्यांची जीभ जांभळी झालेली मी पाहिलीय. तरी मला आठवलं नाही. बघता बघता मातीखालून जांभळा रंग पसरला. मी घाबरून टिपकागद दाबला, उचलला, तर मातीबरोबर भिजलेला कागदच निघून आला. ‘माझे नाव’ राहिलं आणि पुढे भोक. टिपकागदावर नुसता डाग, एक अक्षर ओळखू येईना. काम सुरू करायच्या आधी फोटो काढायचा असतो, तोही घाईत काढला नव्हता.

पुढच्या रविवारी भोकावर जपानी कागद लावला, दाबाखाली ठेवला. काम सुरेख झालं होतं, हे सांगायलाही लाज वाटते. आणि राहूला जाऊन मावशींच्या हातात पुस्तक देताना मी म्हणालो, “तेवढं वाळवीने आधीच खाल्लं होतं, मावशी.”

त्यांनी त्या गुळगुळीत कोऱ्या ठिगळावरून बोट फिरवलं. दोनतीनदा फिरवलं.

“तेवढंच तर व्हतं त्यात,” त्या म्हणाल्या.

मिलिंदच मला धीर द्यायला लागला. एवढं केलंत तेच पुष्कळ, आईचं काय मनावर घेता. निघताना शेजारच्या गुऱ्हाळातली काकवीची बाटली माझ्या पिशवीत घातली. ती बाटली आमच्या ओट्यावर कितीतरी दिवस तशीच होती. बायको भाकरीबरोबर वाढायची, मी नको म्हणायचो. गोड कमी केलंय, असं दुसरं खोटं.

प्रज्ञाचं लग्न उन्हाळ्यात होतं, राहूलाच, घरासमोर मांडव घालून. मी सकाळीच गेलो. मनाशी ठरवून गेलो होतो की आज मावशींना खरं सांगायचं. मंगल प्रसंगी कशाला, असं बायको म्हणाली. पण आजच ती ओळ त्या नातीला देणार होत्या, आणि ती देता येणार नव्हती ती माझ्यामुळे.

मावशी आतल्या खोलीत होत्या. नवी पांढरी साडी, पाय पसरून बसलेल्या. बाजूला प्रज्ञाचा मेकअप चालला होता. दोन्ही हात कोपरापर्यंत मेंदीने भरलेले, म्हणून तिला पाणीही दुसरी मुलगी पाजत होती. मी मावशींच्या जवळ खाली बसलो.

“मावशी, वाळवी नव्हती. ते माझ्या हातून गेलं. मी खोटं बोललो.”

“काय गेलं?”

“ते... नाव. शेवटच्या ओळीतलं.”

त्यांनी माझ्याकडे जरा वेळ पाहिलं. रागाने नाही, हा माणूस काय बोलतोय अशा नजरेने. “गेलं कुठं? हाय की हितं.” उशीखालून पुस्तक काढलं, शेवटचं पान उघडून माझ्या पुढ्यात धरलं. “सकाळी काढलं तर हाय. म्हनलं, तवा माझ्या डोळ्यांला दिसलं नसंल.”

माझे नाव झुंबर.

‘माझे नाव’ जुन्या, पिवळ्या कागदावर. आणि ‘झुंबर’ माझ्या जपानी कागदाच्या ठिगळावर. करड्या पेन्सिलीत, कडेने किंचित जांभळट.

पुस्तक घेऊन दाराच्या उजेडात गेलो. खिशात भिंग असतंच. जपानी कागदाचे धागे लांब असतात, दिसतात. पेन्सिल त्या धाग्यांच्या वर बसली होती. म्हणजे ठिगळ लावल्यानंतर लिहिलेलं. आणि तो झ... ‘माझे’मधला झ आबांनी एका खास वळणाने काढला होता, शेपूट ओळीखाली नेऊन परत वर घेतलेलं. ‘झुंबर’चा झ तसाच. त्याचं शेपूट ठिगळाच्या कडेवरून खाली जुन्या कागदावर उतरलं होतं, कुठे अडखळलं नव्हतं.

प्रज्ञाने मान न हलवता विचारलं, “आजी, ही झुंबर कोण?”

“मीच की.”

मिलिंद हार घेऊन आत आला होता, तो दारातच थांबला. मावशींनी सांगितलं ते असं. माहेरी त्यांचं नाव झुंबर. लग्नात सासरच्यांनी इंदू ठेवलं, तेव्हा सगळ्यांचंच बदलायचे. पुढे कागदोपत्री, रेशनला, आधारला, सगळीकडे इंदुबाई. नवऱ्याने लिहायला शिकवलं तेव्हा एका सुट्टीला ही ओळ काढून दिली आणि म्हणाले, आधी तुझं तू लिही, आमच्या घरचं मागनं. पण ती गिरवायच्या आत सासूने पाहिलं. घरात दोन नावांची बाई चालायची न्हाई, म्हणाली, आणि पुस्तक पेटीच्या तळाशी गेलं. माहेरची माणसं एकेक करून गेली. त्यानंतर ते नाव कुणी घेतलं नाही आणि त्यांनीही कुणाला सांगितलं नाही.

मिलिंद म्हणाला, “आई, मला पन्नाशी आली आन् तुझं नाव मला आज कळतंय व्हय?”

“तू इचारलंस कवा?”

बायका हसल्या. मिलिंद हसला नाही, हारातलं एक फूल उगाच खुडत राहिला. मग माझा दंड धरून हळूच म्हणाला, “भाऊ, तुम्ही आईला इचारून लिव्हलंत ना?” मी नाही म्हणालो. पुस्तक परत दिल्यापासून मी ते हातातही घेतलं नव्हतं, आणि ते नाव मला कुठून माहीत असणार? त्याचा विश्वास बसलेला दिसला नाही.

त्या ओळीखालची जागा मोकळी होती. प्रत्येक पानावर आबांच्या ओळीखाली मावशींची गिरवलेली ओळ आहे, फक्त या एका ओळीखाली नाही. मावशींनी इकडेतिकडे पाहिलं आणि पेन्सिल मागितली. लग्नघरात पेन्सिल कुठली? मेकअपवाल्या मुलीच्या हातात होती ती भुवयांची. मावशींनी तीच घेतली.

मी बोलणार होतो. मेणकट पेन्सिल, डाग पडतो, समोरच्या पानावर उठतो, पुढे काढता येत नाही... हे सगळं जिभेवर होतं. बोललो नाही.

‘माझे’ला बराच वेळ लागला. ‘नाव’ जमलं. ‘झुंबर’चा झ मोडला, इसारखा काहीतरी झाला, अनुस्वार भलतीकडे गेला. बाहेरून हाका सुरू झाल्या होत्या, भन्तेजी आलेत, मुलीला आणा. कुणी हललं नाही. मावशींनी शेवटचा र काढला, पान लांब धरून पाहिलं आणि प्रज्ञाच्या मांडीवर ठेवलं, कारण हातात घ्यायला तिचे हात मोकळे नव्हते.

त्यानंतर मी बरंच डोकं चालवलं. कागदात राहिलेला जांभळा रंग ओलाव्याने ठिगळात चढला असेल? रंग चढतो, डाग पडतो, पण पेन्सिलीच्या रेघा उमटत नाहीत. घरातल्या कुणी लिहिलं? नाव कुणाला माहीतच नव्हतं. मावशींनी स्वतः? त्यांचा झ मी डोळ्यांसमोर मोडताना पाहिला. कोर्सच्या मॅडमना फोन केला, त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि पान बघायला आणा म्हणाल्या. अजून नेलं नाही.

कंपनीत मिलिंद सगळ्यांना सांगतो की दत्ताभाऊंनी आईचं नाव परत आणलं. मी नाही म्हटलं की तो म्हणतो, लाजताय कशाला. वाळवीचं खोटं त्यालाही सांगितलं, तर म्हणाला, असूं द्या की आता.

पुस्तक प्रज्ञाने सासरी नेलंय. मध्यंतरी तिचा फोन आला. भुवयांच्या पेन्सिलीचा डाग समोरच्या पानावर उठायला लागलाय, काय करू? मी म्हणालो, मध्ये एक पातळ कागद घाल, पण पुसू नकोस, तसाच राहू दे.

“आणि वरच्या ओळीचं काय करू, काका? तिलाही काही लावायचं का?”

मी म्हणालो, “तिला हात लावू नकोस. ती कशाने लिहिलीय तेच मला माहीत नाही.”