पास होण्यापुरती उत्तरं

नव्वदच्या दशकातली ती घटना अजूनही मनातून जात नाही. दहावीची परीक्षा चालू होती. आमच्या पोलीस ठाण्यात निनावी फोन आला, "तलवलीच्या पुढच्या सेंटरला सतरा नंबरवाल्यांत डमी बसलाय."

सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बसणारे म्हणजे बहुतेक कामकरी, काही पिकल्या केसांचे. हॉलतिकिटावरचे फोटो इतके पुसट की कुणाचाही कुणाला खपावा. शेवटच्या अर्ध्या तासात मी साध्या वेशात केंद्रप्रमुखांबरोबर वर्गात शिरलो. प्रमुखांना पाहून सगळे उठले. एकच माणूस बसून राहिला आणि सवयीनं तळहात हलवून सगळ्यांना म्हणाला, "बसा, बसा."

आयुष्यभर ज्याच्यासाठी वर्ग उभा राहिला, तोच असं करणार.

ते शिक्षक निघाले, मूळचे साताऱ्याकडचे. गणिताची उत्तरपत्रिका मुद्देमाल म्हणून जप्त केली. पास होण्यापुरती उदाहरणं सोडवलेली, पुढची पानं कोरी.

"बाकीची का सोडलीत?"

"त्याला तेवढीच येतात, साहेब. जास्त लिहिणं खोटं झालं असतं."

मला हसू आलं आणि रागही. पेन्शनला दोन वर्षं उरलेला माणूस हे बोलत होता. घरी कुणाला कळवायचं विचारलं, तर म्हणाले, "कुणी नाही. मंडळी गेली. ज्याच्या नावावर बसलो, तो एकच विद्यार्थी अजून घरी येतो."

तो विद्यार्थी संध्याकाळी आपणहून ठाण्यात आला. चाळिशीचा, जमीन गेलेल्या गावातला. न्हावा शेव्याच्या बंदरात हंगामी कामावर होता, दहावी झाला तर कायम होणार होता. तीनदा नापास झालेला. "सायेब, मना येतंय. पन त्या हालमंदी हात चालत नाय."

येतंय ना, मग दाखव, म्हणून मी चिडून तोच प्रश्नांचा पेपर कोऱ्या कागदासह त्याच्यापुढे टाकला आणि घड्याळ लावलं. सर समोरच्या बाकावर. त्यानं सोडवला. सरांनी माझी पेन्सिल मागून तपासला, एका ठिकाणी दोन गुण कापलेसुद्धा, आणि म्हणाले, "पास आहेस."

कायद्यानं तो कागद काहीच नव्हता. फाडवेना, म्हणून खिशात ठेवला. तोतयेगिरीचं दोषारोपपत्र दोघांवरही मीच पाठवलं. सरांची नोकरी गेली, त्याचं कायम होणं राहिलं.

परीक्षा कडक झाली की शिक्षण सुधारतं, असं मी छातीठोकपणे सांगत असे. पुढच्या वर्षी त्या केंद्रावर बंदोबस्त वाढवला. कॉपी थांबली, निकाल घसरला, आम्हाला शाबासकी मिळाली. वर्गातलं शिकवणं होतं तसंच राहिलं. ज्याला शिकवता येत होतं, त्याला तर मीच घरी बसवलं होतं. परीक्षा हवी, हे आजही म्हणतो. पण नापास कोण झालं, हे ती नेहमी बरोबर सांगते असं नाही.

आता सीवूड्सच्या फ्लॅटमध्ये मी एकटाच असतो. घरी येणारं कुणी नाही. मार्च आला की तो कागद काढून बघतो आणि कोर्टातला शेवटचा दिवस आठवतो. शिक्षा ऐकून सर माझ्यासमोरून चालले होते. मी कधी उभा राहिलो, माझं मलाच कळलं नाही. त्यांनी थांबून माझ्याकडे पाहिलं, तळहात हलवला आणि हळूच म्हणाले, "बसा."