मेहमेतचा चहा

लंडनच्या हाउन्सलोमधल्या चॅरिटी शॉपमध्ये कमरेत बारीक असा चहाचा ग्लास दिसला आणि तुर्की व्यापारी मेहमेतचं भाजीचं गोदाम आठवलं. त्याचं जुनं गिऱ्हाईक मी. भागीदार श्रीकांतला एके दिवशी तिथे पहिल्यांदा नेलं होतं. मेहमेतने डाळिंबांचा भाव सांगितला. मी तोंड उघडणार, तोच श्रीकांत कपाळाला हात लावून ओरडला, “योक आर्तक!” तुर्कीत म्हणजे, काहीतरीच काय!

मेहमेत खदाखदा हसला. “कुठे शिकलास, ब्रदर? बस, चहा घे!”

“आमच्या शेजारच्या तुर्की आजी सतत म्हणतात.”

शेवटी भांडून भाव पाडला तो मीच. मेहमेत म्हणाला, “यू आर अ हार्ड मॅन, सर.”

आज तो भाव आठवत नाही. श्रीकांतच्या हातातला वाफाळता लाल चहा मात्र अजून खुपतो. मला मेहमेतने चहाचं विचारलंही नाही.