गादीवाल्याच्या घरची झोप

मी गाद्या विकतो. आमच्या भागात कुणाची पाठ धरली, की लोक डॉक्टरच्या आधी माझ्याकडे येतात आणि मी त्यांना झोपेवर भाषण ऐकवतो. भाषण फुकट असतं, त्यामुळे लांब असतं. बायकोचं म्हणणं असं, की गिऱ्हाइकं गादी पाहायला आडवी होतात आणि झोपतात ती माझ्या बोलण्याने.

अशा माणसाची पोरगी वर्गात पेंगते म्हणून शाळेतून बोलावणं आलं. बाईंनी मला पोरांच्याच खुर्चीत बसवलं. माझे गुडघे हनुवटीला टेकत होते आणि उठायची वेळ आली तर खुर्ची सोबत येणार याची खात्री होती. बाई म्हणाल्या, पोरगी हुशार आहे, पण जरा वेळ झाला की मान बाकावर टाकते, वाचन पार मागे पडलंय. वर्ष संपेपर्यंत हे सुधारलं नाही तर तिला याच वर्गात पुन्हा बसवावं लागेल. बाहेर घसरगुंडीपाशी तिची मैत्रीण तिचं दप्तर धरून उभी होती. ही पुढच्या वर्गात जाणार आणि आपली मागे राहणार, हे मला त्या खुर्चीतूनच दिसलं.

"घरी झोपायची वेळ ठरलेली आहे का?" बाईंनी विचारलं.

मी म्हणालो, वेळेचं तसं काही नाही, पण गादी एक नंबर आहे.

बाई हसल्या नाहीत. "माझ्या मुलाची गादी तुमच्याकडूनच घेतली होती. तेव्हा तुम्हीच सांगत होतात, मुलांना रोज एकाच वेळी झोपवा. चिडचिड कमी होते, अभ्यासात लक्ष लागतं, सकाळी हाका माराव्या लागत नाहीत."

मी मान डोलावली. काय करणार, भाषण चांगलंच होतं.

तरीही शाळेतून निघालो तो थेट दुकानात गेलो आणि तिची गादी मागवून टाके उसवले. कापूस पुन्हा पिंजला, मऊ खोळ चढवली, उशी पातळ केली. पोरीला नवी गादी फार आवडली. उड्या मारायला इतकी छान गादी तिला आजवर मिळाली नव्हती.

मग बायकोने कारभार हातात घेतला. साडेआठला दिवा बंद, गोष्ट एकच, फोन दुसऱ्या खोलीत. पण ऑफिस सुटल्यावर येणारी गिऱ्हाइकं सुटू नयेत म्हणून मी दुकान उशिरापर्यंत उघडं ठेवायचो, आणि पोरगी अंधारात टक्क डोळे उघडे ठेवून पडून राहायची. कुलपात माझी किल्ली फिरली की उठून यायची आणि माझं जेवण होईपर्यंत शेजारी बसायची. मी आतून फुगलो. बापावर काय जीव आहे पोरीचा, असं बायकोला बोलूनही दाखवलं. ती म्हणाली, "तिलाच विचारा की, का जागी राहते."

रविवारी वेण्या घालताना विचारलं. एक वेणी वर, एक खाली, अशी माझी कलाकुसर चालली होती.

"तू जेवत नाहीस म्हणून," ती म्हणाली. "एकदा मी झोपून गेले ना, तर सकाळी तुझं ताट तसंच झाकलेलं होतं. मी नसले की तू उपाशी झोपतोस."

वेणी हातातून सुटली. त्या दिवशी मी शेजारच्या पडदेवाल्याच्या पार्टीत असा आडवा हात मारून आलो होतो, की बूट काढायला वाकता येत नव्हतं. माझ्या त्या खादाडपणापायी एवढीशी पोर रोज पहारा देत होती आणि त्यासाठी वर्ग गमवायला निघाली होती. मला हसू आलं आणि मेल्याहून मेल्यासारखंही झालं. खरं काय ते सांगून पाहिलं, पण समोर माझं एवढं पोट दिसत असूनही तिचा विश्वास बसेना.

सोमवारपासून मी दुकान दिवेलागणीलाच बंद करू लागलो. पडदेवाला तब्येतीची चौकशी करून गेला. थोडी गिऱ्हाइकं तुटली, ती तुटली. पोरीचं पेंगणं हळूहळू थांबलं, सकाळची रडारड संपली आणि वर्ष संपल्यावर ती मैत्रिणीबरोबर पुढच्या वर्गात गेली. माझ्या भाषणात आता हा अनुभवही असतो. पार्टीचा भाग तेवढा गाळतो.

पण माझ्या मनात घर करून राहिली ती लवकर घरी आल्याची पहिली संध्याकाळ. तिघं एकत्र जेवायला बसलो होतो. तिचं सगळं लक्ष माझ्या ताटावर. मी शेवटचा घास घेतला तसं तिने ताट उचलून स्वतः नळाखाली ठेवलं, दात घासले आणि जाऊन आडवी झाली. मी पांघरूण घालायला गेलो.

"उद्यापण लवकर येशील?"

"रोज येईन."

"मग आता मी रोज झोपू ना?"

हो म्हणत मी पांघरूण तिच्या हनुवटीपर्यंत ओढलं. तिने तेवढं ऐकलं, कूस बदलली आणि लगेच झोपली.