मान कोणाचीही हलते

ताडाच्या पानाचा हातपंखा मामी स्वतःच्या तोंडासमोर धरायच्या आणि त्याच्याआडून प्रश्न विचारायच्या. समोरचं मूल मान डोलावायचं. मग पंखा खाली यायचा. "मान कोणाचीही हलते, कण्णा. तू तोंडानं सांग."

कण्णा म्हणजे तमिळमधलं 'बाळा'. बाकी बोलणं मराठीच, पण तंजावरचं. 'मला'च्या जागी 'मजला' म्हणणारं आणि वाक्याला तमिळ हेल देणारं. चेन्नईत, अड्यारला, आमच्या बरोबर डोक्यावरच्या घरात त्या एकट्या राहायच्या. शाळेतून निवृत्त झाल्यावर घरीच शिकवण्या घ्यायच्या. इमारत त्यांना मामी म्हणायची, मुलं मिस म्हणायची.

तुमच्याही शेजारी असं एखादं माणूस असेल, ज्याचा कशावरच विश्वास नसतो. मामी दह्याच्या पाकिटावरची तारीख वाचून वर ते हुंगून बघायच्या. लिफ्टचं दार उघडलं तरी लिफ्ट खरंच आली आहे ना, हे वाकून पाहायच्या. शिकवणीत तर गणित चुकलेलं पोर लवकर सुटायचं. ज्याचं बरोबर आलं त्याची खरी उलटतपासणी. "बरोबर आलं? कसं आलं ते सांग बघू." हुशार मुलं बिचारी चोरी पकडल्यासारखी उभी असायची.

संशयाच्या बाबतीत मीही काही कमी नाही. नाशिकहून मी इथल्या मोटारींच्या कारखान्यात आलो तो सुट्या भागांतली खोट काढायच्या कामावर. दिवसभर तेच केल्यावर संध्याकाळी डोळे निवत नाहीत.

आमची मुक्ता तेव्हा तिसरीत होती. शाळेची तक्रार होती की तिचं लक्ष नसतं, विचारलेलं सांगत नाही. असंच चाललं तर पुन्हा तिसरीतच बसवावं लागेल. आमच्याकडे कारण तयार होतं. घरात मराठी, वर्गात इंग्रजी, खाली खेळायला तमिळ, पोर गोंधळणारच. शाळेला ते पटलं, नाशिकच्या आजीलाही पटलं. होईल सवय, म्हणून मामींकडे पाठवायला लागलो.

आणि मला दारातून जे दिसायचं ते काही बरं वाटेना. मुक्ताला त्या खिडकीकडे तोंड करून बसवायच्या आणि मागे उभं राहून पुटपुटायच्या. वर चौकशा. घरी टीव्ही कोण लावतं, आवाज केवढा असतो, आई हाक मारते तेव्हा कुठं उभी असते. आमच्या घरातलं या बाईला कशाला हवं? पोरीला शिकवणीतून काढायचा बेत असावा, नाहीतर इमारतीला पुरवायला काही बातमी हवी असावी. बायको म्हणाली, "तुम्हाला माणूस दिसलं की आधी खोट दिसते." तरी मी वर गेलोच.

माझं बोलणं पुरतं झालंही नव्हतं. "मुलीचे कान दाखवलेत कधी?" मामींनी विचारलं.

मी भडकलो. "कान चांगले आहेत हो तिचे. तिला भाषा कळत नाही."

"तमिळ कळत नाही, बरं. इंग्रजी कळत नाही, तेही बरं. मी मराठीत विचारलं. तुमच्या मराठीत. पंख्याआडून आणि पाठीमागून. तिनं नुसती मान हलवली. समोरून विचारलं की घडाघडा सांगते. ती ओठ बघते हो."

मी खाली बसलो.

मग त्यांनी स्वतःचं सांगितलं. लहानपणी तापात एक कान गेला, दुसरा अधू झाला. घरात मराठी, शाळा तमिळ. मुलगी गप्प का, याचं कारण सगळ्यांपाशी तयार होतं. "मान हलवून हलवून वरच्या वर्गात गेले मी. कोणाला संशय म्हणून आला नाही." त्याचं त्यांना फारसं दुःख दिसलं नाही. दुःख पुढचं होतं. नोकरीतल्या पहिल्या वर्षांत त्याही मुलांच्या मानांवर विसंबूनच शिकवत गेल्या. मागच्या बाकावरची एक मुलगी वर्षभर मान हलवत होती, नापास झाली, घरच्यांनी शाळा सोडवली. कारण मामींना फार उशिरा कळलं. "मजसारखीच होती ती. आणि मजलाच ती ओळखता आली नाही." त्यानंतर त्यांच्या हातात पंखा आला.

डॉक्टरांनी तपासलं, कानाला लावायचं मशीन दिलं. मुक्ता पहिला आठवडा घरभर हिंडून आवाज गोळा करत होती. फोडणी, शेजारची कडी, आणि वर मामी स्टूल सरकवतात तो आवाज. संध्याकाळी शिकवणीआधी स्टूल सरकलं की ही दप्तर उचलून जिन्याला लागायची. ती चौथीत गेली. मामींचा संशय मात्र गेला नाही. "मशीन ऐकतं. तुजला कळलं काय ते सांग." मला त्या बाईंची माया फार उशिरा कळली, पण कळल्यावर मी त्यांच्यात खोट शोधली नाही.

गेल्या वर्षी एका सकाळी मामींना चक्कर आली, दवाखान्यात नेलं, आणि तिथून त्या परत आल्या नाहीत. मुक्ता शाळेत होती. तिला कसं सांगावं हे आम्हा दोघांना सुचेना. ती आली, दूध प्याली, दप्तर मांडीवर घेऊन वाट बघत बसली. मग कानातलं मशीन काढून तिनं माझ्यापुढे धरलं.

"बाबा, सेल संपलाय वाटतं. वरचं काहीच ऐकू येत नाहीये."

सेल मी सकाळीच नवा घातला होता. मशीन तिच्या कानात परत बसवलं, तिला जवळ घेतलं आणि सांगितलं.