शंभरावा ड्रम

आमच्या गावात निम्म्या घरांची चूल केबलच्या कारखान्याच्या जिवावर पेटते. पण माओशंगदादाच्या घरी ती पेटवतोही तोच. भांडी त्यानं घासायची, धुणं त्यानं धुवायचं, मिरच्या त्यानं चिरायच्या. बायको, म्हणजे आमची रुईयुनवहिनी, खुशाल सूर्यफुलाच्या बिया फोडत बसते. अख्खी गल्ली त्याला चिडवते, पण गडी हसून सोडून देतो.

त्याला कारण आहे. वहिनी कारखान्यात तपासणीला आहे. सुसाट रेल्वेगाड्यांच्या मार्गावर सिग्नलला वीज नेणारी केबल ड्रमवर, म्हणजे भल्यामोठ्या लाकडी रिळावर, गुंडाळली जाताना तिच्या उघड्या तळव्यातून सरकते. वीज नीट वाहते का ते यंत्रं तपासतात, पण आवरणावरची बारीक गाठ तिच्या तळव्यालाच कळते. राठ हाताला काय डोंबल कळणार!

आणि ते आवरण चढवणारं यंत्र चालवतो कोण? माओशंगदादा! मी शेजारीच ड्रमला फळ्या ठोकते, त्यामुळे दोघांची भांडणं मला फुकटात ऐकायला मिळतात.

गेल्या वसंतात दादाचे नव्व्याण्णव ड्रम ओळीनं बिनचूक गेले. शंभर झाले की छातीवर लाल कापडी फूल आणि फाटकाशी फोटो. हा मान अजून कुणालाच मिळाला नव्हता. त्याचे ऐंशीचे वडील तेवढ्यासाठी नवा कोट घालून, धुरी दिलेलं बदक घेऊन, खेड्यातून बसनं आले.

शंभरावा ड्रम संपत आला आणि वहिनी ओरडली, "थांबवा!"

दादा धावत आला. "काय झालं?"

"इथं गाठ आहे."

त्यानं बोट फिरवून पाहिलं. "मला तर काही लागत नाही."

"कसं लागेल? भांडी घासून हात राठ झालेत तुझे."

"कुणामुळे गं?"

आम्ही सगळे हसलो. तो हसला नाही. हळूच म्हणाला, "रुईयुन, तिळाएवढी असेल. बाबा बाहेर उभे आहेत गं."

वहिनीचे डोळे भरले, पण हात जागचा हलला नाही. "रुळांकडेच्या नळीतून केबल ओढताना आवरण नेमकं इथंच सोलवटेल. पाणी शिरेल. सिग्नल बंद पडला तर गाडी भर रानात अडकेल. नाही जमायचं मला." तिनं ड्रमवर नापासाची लाल चिठ्ठी चिकटवली. झालं! आता पुन्हा एकपासून मोजायचं.

संध्याकाळी बदक खायला त्यांनी मलाही बोलावलं होतं. दादानं बदकाला हातही लावला नाही. शेवटी वहिनी उठली, बाह्या सरसावल्या आणि खरकट्या भांड्यांत हात घालायला गेली.

"ए! हात काढ आधी!" दादा ताडकन उठला.

"रागावलायस ना? मग आज मी घासते."

"रागावलोय तर रागावलोय! तळवा राठ झाला आणि उद्या पहिल्याच ड्रमची गाठ निसटली, म्हणजे?" त्यानं फडक्यानं तिचे हात कोरडे केले आणि स्वतः घासायला बसला.

म्हाताऱ्यानं नवा कोट काढून खुंटीला अडकवला आणि आपला वाडगा त्याच्यापुढे सरकवला.

"हाही घास. शंभर होईपर्यंत मी आता इथंच राहतो."