काढणाऱ्याचं नाव

मंजुषा राठोडला संगणकाच्या काळ्या खिडकीत हुकूम लिहायला तिच्या भावानंच शिकवलं.

सिद्धेश्वर धरणाच्या वरच्या अंगाला त्यांचा बंजारा तांडा. बाप थावरा, आई जिवनबाई, थोरला रणजीत आणि त्याच्याहून आठ वर्षांनी धाकटी मंजुषा. रणजीत नांदेडला शिकून पुण्यात एका कंपनीत लागला. मंजुषा बीएस्सी होऊन घरी बसली, तेव्हा तो सुट्टीला आला आणि आपला जुना लॅपटॉप तिच्यापुढं ठेवून म्हणाला, "बस इथं. लग्नाचं मंग बघू."

त्या कंपनीचं काम म्हणजे दुसऱ्यांची ॲप्स चालती ठेवणं. ॲप चालतं ते कुठल्या तरी दूरच्या इमारतीतल्या यंत्रांवर. त्याला माहिती साठवायला जागा लागते, निरोप धाडायची सोय लागते. अशी प्रत्येक सोय हुकूम लिहून मागवायची, तिला नाव द्यायचं, ॲपला जोडायची आणि गरज संपली की काढून टाकायची. रणजीतनं तिला दहा दिवसांत एवढं सगळं शिकवलं. काढायचा धडा मात्र त्यानं दोनदा घेतला. "आधी यादी बघायची. त्या सोयीवर कोण काम करून राहिलं ते बघायचं. त्याला कळवायचं. मंगच जोड सोडायची."

पुढं ती त्याच कंपनीत लागली. तांड्यावर रेंज टिकत नव्हती, म्हणून जवळा बाजारला खताच्या दुकानावरची एक खोली घेतली. रोज सकाळी एसटीनं जायची, दिवे लागायच्या आत परत. रणजीत पुण्यात ॲप्स बनवायचा, ही इथून त्याला लागेल ते पुरवायची. त्याचा निरोप यायचा, "मंजे, डेटाबेस पायजे." ही विचारायची, "नाव काय देऊ?" तो म्हणायचा, "रणजीत-सात." चार वर्षं असं चाललं. संध्याकाळी जिवनबाई विचारायची, "भियासंगं बोलली का?" आणि मंजुषा हसायची. "दिवसभर त्याचंच काम करून राहिले, याडी."

मागच्या वर्षी मार्चमध्ये, बाजाराच्या दिवशी, अकराच्या सुमाराला तिला तिच्या साहेबांचा फोन आला. सात माणसं कमी करायची होती. त्यांनी चाचणीसाठी घेतलेल्या सगळ्या सोयी काढायच्या आणि मग कंपनीच्या यंत्रांवरचा त्यांचा प्रवेश बंद करायचा. यादी पाठवली आहे, म्हणाले.

सातवं नाव रणजीतचं होतं.

"सर, यात माझा भाऊ आहे."

"माहीत आहे. म्हणूनच स्वतः फोन केला. बारा वाजता आम्ही सगळ्यांना बोलावून सांगणार आहोत. तोवर कुणाजवळ शब्द काढायचा नाही."

"दुसऱ्या कुणाला द्या ना हे."

"आज दुसऱ्या कुणाकडं तो अधिकार नाही. आणि तुम्ही नाही केलंत तर…" पुढचं वाक्य त्यांनी पुरं केलं नाही.

खाली बाजारातला कालवा चालू होता. मंजुषानं आधी बाकीच्या सहांचं काम उरकलं. हात सवयीनं चालत होते. मग रणजीतची यादी उघडली. अकरा सोयी होत्या, सगळ्यांना तिनंच दिलेली नावं. एकेक हुकूम लिहिला की यंत्र विचारायचं, नक्की काढायचं का? ती हो म्हणायची. 'रणजीत-सात' काही निघेना. ती एका ॲपला जोडलेली होती आणि ते ॲप त्या दिवशी सकाळी दहा वाजताच सुरू झालेलं होतं. म्हणजे तो आत्ता, या क्षणाला, त्यावर काम करत होता.

तिनं फोन हातात घेतला. त्यात भावाचा नंबर काढला. त्याला सांगितलं तर काय होईल, साहेबांना कळलं तर काय होईल, असा विचार करत ती किती वेळ बसली तिला आठवत नाही. मग फोन टेबलावर पालथा ठेवला आणि जोड सोडली. सोय काढली. थोड्या वेळानं त्याचा प्रवेशही बंद केला.

वीस मिनिटांनी त्याचाच फोन आला.

"मंजे, तू मला काढलं का?"

"भिया…"

"ॲप पडलं म्हणून मी नोंद उघडली. जोड कुणी सोडली ते त्यात लिहिलेलं असतंय. तुझं नाव होतं. मोठ्या पडद्यावर होतं, मी ग्राहकाला काम दाखवून राहिलो होतो. बारा माणसं बसली होती. आपल्यातल्याच एकानं इचारलं, ही तुमची बहीण ना?"

"मला सांगायला मना केलं होतं."

त्याच्या पाठीमागं कुणीतरी खुर्च्या सरकवत होतं, तेवढंच तिला ऐकू आलं. मग फोन बंद झाला.

त्यानंतर त्यानं तिचा फोन घेतला नाही. वहिनी मीना घ्यायची आणि दुपारी चार वाजताही सांगायची, "ते झोपले हायत." तीन महिन्यांत त्याला दुसरीकडं चांगलं काम लागलं, ते मंजुषाला आईकडून कळलं. दिवाळीला तो तांड्यावर आला नाही. दिवाळी झाल्यावर मंजुषा एकटीच पुण्याला गेली.

दार त्यानंच उघडलं. "या," म्हणाला. आजवर तो तिला 'ये गं' म्हणत आला होता.

मीनानं चहा दिला. त्यानं बापाच्या गुडघ्याचं विचारलं, सोयाबीन कसं झालं ते विचारलं. मंजुषाच्यानं ते ऐकवेना.

"भिया, मला शिव्या दे. एकदा देऊन टाक."

"काहून देऊ? तुमी तुमचं काम केलं. बराबर केलं."

"असं बोलू नको रे."

त्यानं कप खाली ठेवला. मग त्याचा आवाज पहिल्यासारखा झाला. "मंजे, तुझ्या जागी मी असतो तर फोन केला असता, असं मला वाटतंय. पण खरंच केला असता का, ते मला सांगता येत न्हाई. त्याचीच तकलीफ हाय. तू समोर आली की ते सगळं डोळ्यापुढं येतंय. काही दिवस येऊ नको."

"किती दिवस?"

"ते मला ठाव न्हाई."

परत आल्यावर तिनं आईला सगळं सांगितलं. जिवनबाईला जोड, नोंद, प्रवेश यातलं काही कळलं नाही. तिनं एवढंच विचारलं, "तुला आधी ठाव होतं का?" मंजुषा हो म्हणाली. जिवनबाई उठली आणि म्हशीला पाणी दाखवायला गेली. चार दिवस ती लेकीशी कामापुरतंच बोलली.

जानेवारीत मंजुषानं ती नोकरी सोडली. आता ती आखाडा बाळापूरला एका संस्थेत पोरींना संगणक शिकवते आणि रविवारी तांड्यावर येते. रविवारी सकाळी रणजीत आईला फोन करतो. फोन वाजला की जिवनबाई स्पीकर लावते आणि मंजुषाला नुसत्या हातानं बाजेवर बसायची खूण करते. मंजुषा बसते. हूं की चूं करत नाही. भाऊ आपल्या पोराच्या शाळेचं सांगतो, ऑफिसातलं सांगतो, मध्येच हसतो. ते हसू आलं की ती ओढणी तोंडाशी धरते.

मागच्या रविवारी तिला खोकला आला. दाबला तरी निघालाच.

पलीकडं रणजीत बोलता बोलता थांबला. "याडी, कोण हाय गं तिथं?"

जिवनबाईनं लेकीकडं पाहिलं. मंजुषानं मानेनंच नको म्हटलं.

"कोणी न्हाई रे," जिवनबाई म्हणाली. "मीच हाय."

"बरं," तो म्हणाला. मग पुन्हा पोराच्या शाळेचं सांगू लागला. त्या दिवशी तो नेहमीपेक्षा बराच वेळ बोलत राहिला.