चित्रातल्या पोरांचा शिंपी

दीडशे वर्षांपूर्वीच्या इंग्लंडातल्या गरीब पोरांची जेवढी काळजी आमच्या शिंपीचाचांनी ओमानातल्या रुस्ताकच्या सूकमध्ये, म्हणजे बाजारात, बसून केली, तेवढी तिथल्या राणीनेही केली नसेल. चाचा मूळचे रत्नागिरीचे. ओमानी पुरुषांचे पांढरे पायघोळ दिशदाशे शिवण्यात त्यांची हयात गेली. इंग्रजीचं एक अक्षर येत नव्हतं. पण मायदेशी परतणाऱ्या एका इंग्रज बाईंनी जुन्या कादंबऱ्यांचं खोकं त्यांना दिलं, आणि त्यातली बारीक रेघांची काळी चित्रं बघून चाचा खुळावले. धुक्यातले पूल, पायऱ्यांवर कुडकुडणारी पोरं, अनाथालयातल्या रिकाम्या वाट्या. बाहेर दगड तडकावेत असं ऊन, आणि आत चाचा भिंग लावून लंडनच्या बर्फात हरवलेले.

ते चित्रं बघत नसत, कपडे वाचत. "ह्या पोराचा कोट बघा, ताई. मोठ्या माणसाचा कापून बेतलाय. म्हणजे बाप गेला." किंवा, "हे ठिगळ आईच्या हातचं नव्हे. आई एवढे लांब टाके घालत नाही." त्या तंद्रीत त्यांनी एकदा खजूर विकणाऱ्या अर्बाबच्या, म्हणजे तिथल्या शेठच्या, कोऱ्या दिशदाशाला कोपरावर सुबक ठिगळ लावलं. अर्बाब थक्क झाला. चाचांनी त्याला चित्र दाखवलं, त्या पोराची कर्मकहाणी मोडक्या अरबीत ऐकवली. अर्बाबने डोळे पुसले आणि ईदला तोच दिशदाशा घालून हिंडला.

माझी लेक तेव्हा दहा वर्षांची, तिथल्याच इंग्रजी शाळेत शिकणारी. मी बाजार करून येईपर्यंत ती चाचांकडे बसे आणि कादंबरीतली गोष्ट वाचून आपल्या अडखळत्या मराठीत त्यांना सांगे. एका पुस्तकात पायऱ्या घासणारी एक आजारी मुलगी होती. चाचांनी भिंगातून तिचा फ्रॉक तपासला आणि निकाल दिला, "खाली चार बोटं दुमड ठेवलीय, पुढे उसवायला. जिला वाढायचंय तिच्याच फ्रॉकला ठेवतात. ही जगणार."

रोज दोन-चार पानं पुढे जात. एका दुपारी मी पोचले, तर मशीन बंद.

"चाचा, ती... ती डाय झाली," लेक म्हणाली.

"मेली? मग ती दुमड?" चाचांचा आवाज चढला. "चित्रकार लबाड गो! त्याला पुढचं ठाऊक नव्हतं."

लेक पानाकडे बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "त्याला नाही, चाचा. तिच्या आईला ठाऊक नव्हतं."

चाचांनी पुस्तक मिटलं आणि लेकीच्या डोक्यावर हात ठेवला. त्यानंतर त्यांनी तिला गोष्ट कधी वाचू दिली नाही. "पुढचं नको गो, नुसती चित्रं बघू." मग दोघं दुपारभर पानं उलटत बसत, पंख्याची घरघर तेवढी.

पुढे त्यांची नजर अधू झाली आणि त्यांनी गावी परतायचं ठरवलं. मी निरोप द्यायला गेले तेव्हा विचारलं, "घरी जाऊन पहिलं काय करणार?"

"माझ्या तिन्ही मुलींना समोर उभं करीन, ताई. जन्मभर त्यांचे कपडे शिवले, पण मापं फोनवर घेतली. बायको आकडा सांगायची, मी म्हणायचो, अरे वा, दोन इंच वाढली!"

ते हसले. मग शटर खाली ओढलं आणि कुलूप हातात तसंच धरून फलजच्या, तिथल्या जुन्या पाटाच्या, वाहत्या पाण्याकडेने चालू लागले.